तुझी पॅकिंग लाइन

प्रिय सुमन,

परवा महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. येत्या रविवारी तुझ्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने सगळे हॉलमध्ये जमणार आहेत. "काका, काकूंबद्दल चार ओळी लिहून पाठवाल का? वाचून दाखवू," म्हणाल्या. हो म्हटलं आणि टेबलाशी बसलो. 'सुमनने शिकागोजवळच्या एका चॉकलेटच्या कारखान्यात एकोणीस वर्षं' इथपर्यंत झरझर आलो आणि अडलो. पुढे काय लिहायचं? ते ठरेपर्यंत म्हटलं तुलाच लिहावं. तुला लिहिताना थापा मारायची सोय नाही, हे एक बरं आहे.

पहिली थाप तुझ्या डोळ्यांदेखत मारली होती, आठवतं? लग्नाच्या बैठकीत तुझ्या नानांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, सुमन तिकडे पुढे शिकेल म्हणून. एम.एस्सी. झालेली मुलगी, वनस्पतिशास्त्राची! मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. मग इथे आल्यावर आधी माझ्या नोकरीचं बस्तान बसेना, मग मृणाल झाली, मग युनिव्हर्सिटी म्हणाली की तुमची डिग्री इथे चालायची नाही, दोन वर्षं पहिल्यापासून करा. ते राहिलंच. एका हिवाळ्यात तू पेपरातली जाहिरात बघून कुणाला न विचारता कारखान्यात गेलीस आणि पॅकिंगची नोकरी, पांढरा कोट आणि केसांची जाळी घेऊन घरी आलीस. ती जाळी डोक्यावर चढवून स्वयंपाकघरात मला दाखवलीस. किती खूश होतीस!

त्याच संध्याकाळी मी नागपूरला घरी पत्र लिहिलं. 'सुमनला चॉकलेट कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी लागली.' चिकटवण्याआधी रिवाजाप्रमाणे तुझ्यापुढे ठेवलं, खाली दोन ओळी लिहायला. तू वाचलंस, माझ्याकडे बघितलंस आणि लिहिलंस, 'इकडे सर्व क्षेम. थंडी फार आहे.' बस्स. एरवी वरणात मीठ कमी म्हटलं तर तासभर वाद घालणारी तू, त्या दिवशी भांडली का नाहीस? भांडली असतीस तर पत्र फाडून टाकलं असतं मी. निदान आज तरी असं वाटतं.

एक थाप टिकवायला पुढे किती माराव्या लागल्या, त्याचा पाढा वाचायला नको. तू कारखान्यातून मोडक्या तुकड्यांच्या पिशव्या आणायचीस, त्यांच्या वड्या करायचीस आणि मंडळातली पोरं त्यांवर तुटून पडायची. मी आयांना सांगायचो, "कंपनी क्वालिटीवाल्यांना सॅम्पल्स देते." घरी कुणी यायचं असेल तर तुझ्यामागे लागायचो की आधी आंघोळ करून घे, अंगाला वास येतोय. चॉकलेटचा वास! लोक त्याच्या मेणबत्त्या विकत घेऊन दिवाणखान्यात लावतात, आणि मी बायकोला तो धुवायला लावत होतो.

पण तुझी माफी मागायची ती डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या त्या दुपारची. मंडळातल्या दोन जोडप्यांबरोबर आपण साड्यांच्या दुकानाबाहेर उभे होतो आणि पलीकडच्या फुटपाथवरून कुणीतरी जोरात हाक मारली, "सुमन! लाइन फोर!" तुझी कारखान्यातली रोझा. दोन्ही हात वर करून हसत होती. तू रस्ता ओलांडायला निघालीस आणि मी तुझं कोपर धरून तुला दुकानात घेतलं. "ऑफिसमधली ओळख दिसतेय," असं बाकीच्यांना म्हणालो. तू काचेतून मागे वळून बघत होतीस. रोझाचे हात हळूहळू खाली आले, ते मलाही दिसलं होतं, सुमन. दिसलं नाही असं मी तुला तेव्हा म्हणालो, ते खोटं होतं.

एवढ्यावर शहाणा होईन तर तो मी कसला! तुझ्या अंत्यविधीला रोझा आली होती. काठी टेकत, नातीला गाडी चालवायला लावून. सगळ्यांत मागे उभी राहिली. नंतर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "एकोणीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो." शेजारी मंडळातली माणसं ऐकत होती. मी वळून त्यांना सांगितलं, "सुमनची असिस्टंट." इंग्रजी शब्द आहे, तिला तो कळला. माझा हात थोपटला आणि गेली. मंडळाच्या पत्रकात तर मी तुला तू गेल्यावर बढतीही देऊन टाकली. 'क्वालिटी कंट्रोल मॅनेजर' छापून आलं. बघ, तुझ्या नवऱ्याचा हात किती सढळ!

आता फ्रान्सचं सांगतो. मृणाल बॉथेल शहरात ज्या कंपनीत आहे, तिने तिला पॅरिसला कॉन्फरन्सला पाठवलं. मृणालने माझंही तिकीट काढलं. "बाबा, शॉमबर्गच्या त्या घरात एकटे बसून तुम्ही रोज तेच ते न्यूज बघता, चला यार माझ्याबरोबर," म्हणाली. बापाला यार म्हणते. तुझे लाड.

तिची कॉन्फरन्स चालू असताना मला दिवस मोकळा होता. टॉवर बघा म्हणाली होती. मी मात्र उपनगराकडे जाणारी गाडी पकडून न्वाझिएलला गेलो. हो, तुझंच न्वाझिएल. तुमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर चित्र होतं ना, नदीतच उभ्या असलेल्या जुन्या चॉकलेटच्या कारखान्याचं? "अहो, एकदा तिथे जाऊन येऊ," असं तू दर उन्हाळ्यात म्हणायचीस. आणि मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, "रोज कारखान्यातच तर जातेस, सुट्टीत आणखी कारखाना कशाला?" हा विनोद मला फार आवडायचा. दरवर्षी करायचो.

अर्ध्या तासात गाडी पोचली. इतकं शांत गाव, सुमन, की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येत होता. मार्न नदी संथ, हिरवट, काठाने झाडं, कुत्री फिरवणारी दोनचार माणसं. आणि झाडांमधून दिसला तुझा कारखाना. नदीत रोवलेल्या दगडी खांबांवर उभा, भिंतींवर लोखंडाच्या तिरक्या पट्ट्या आणि मधल्या विटा रंगीत. विटांवर फुलं आहेत. पाटी वाचली तर कोकोची फुलं निघाली. वनस्पतिशास्त्रवाली बरोबर असती तर पाटी वाचावी लागली नसती. आत जाता येत नाही, चॉकलेट तर तिथे केव्हाच बनायचं बंद झालं. वाससुद्धा नव्हता. मी नाक वर करून हुंगून बघितलं, चक्क.

कारखान्याच्या वर, थोडं चालून गेलं की कामगारांची घरं लागतात. मालकांनी बांधून दिलेली, लाल विटांची, दोन दोन जोडलेली, प्रत्येकाला पुढे बागेचा तुकडा. शाळा होती, दुकानं होती. आता तीच घरं बघायला माझ्यासारखे लोक नकाशा घेऊन येतात. तिथल्या चौकात एका बाकावर बसलो. शेजारी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. ओदिल त्यांचं नाव. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे बोलणं जमलं. त्यांनी समोरच्या एका घराकडे बोट दाखवलं. "माझा जन्म तिथला. माझी आई कारखान्यात चॉकलेटच्या वड्यांना कागद गुंडाळायची."

कशा म्हणाल्या माहीत आहे? आपण म्हणतो ना, माझे वडील कलेक्टर होते, तशा. पाठ ताठ करून.

मग मला विचारलं, "तुम्ही एवढ्या लांबून इथे कसे?"

म्हटलं, "माझी बायकोही चॉकलेटच्या कारखान्यात होती. अमेरिकेत."

"हो? काय करायच्या त्या?"

सुमन, तिथे मला कोण ओळखत होतं? मंडळ नाही, नागपूर नाही, नाना नाहीत. ती बाई मला पुन्हा दिसणारही नव्हती. तरी 'क्वा' एवढं अक्षर जिभेवर आलंच. मी जीभ चावली. आणि म्हणालो, "पॅकिंग लाइनवर. चार नंबरच्या. एकोणीस वर्षं."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं. काही कोसळलं नाही. ओदिलबाईंचा चेहरा फुलला. त्या माझ्याकडे सरकून बसल्या आणि आपल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "काय दुखायचं त्यांचं? माझ्या आईचा उजवा अंगठा. रात्री ती तो कोमट पाण्यात धरून बसायची."

एकोणीस वर्षं तू आठ आठ तास उभी राहिलीस आणि तुझं काय दुखायचं, हे मला माहीत नाही. तू बाम लावायचीस, त्याचा वास आठवतो. कुठे लावायचीस, ते आठवत नाही. कारण विचारलं असतं तर तू कारखान्यातलं सांगितलं असतंस, आणि मला कारखाना घरात नको होता. ओदिलबाई वाट बघत होत्या. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही," आणि त्या परक्या गावात, त्या परक्या बाईसमोर रडलो.

संध्याकाळी हॉटेलवर मृणालला सगळं सांगितलं. अगदी गुन्हा कबूल करावा तसं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. आई मला कारखान्याच्या फॅमिली डेला घेऊन जायची ना. मी त्या बेल्टजवळ उभी राहून फोटोपण काढलाय."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"आईने सांगितलं होतं, बाबांसमोर विषय काढायचा नाही. त्यांना वाईट वाटतं."

इथे परत आल्यावर दिनूला फोन लावला. म्हटलं, धाकटा भाऊ आहे, निदान नागपूरचं तरी मी स्वतः निस्तरावं. घसा साफ करून सुरुवात केली, "दिनू, तुझ्या वहिनीच्या नोकरीबद्दल एक सांगायचंय."

"पॅकिंगचं का?" दिनू म्हणाला.

मग तो सांगत गेला. माझ्या त्या पत्रामागोमाग पंधरा दिवसांत तुझं वेगळं पत्र आईला आलं होतं म्हणे. 'मी पॅकिंगला आहे, काम आवडतं, बायका चांगल्या आहेत. पण ह्यांनी लिहिलंय ते राहू द्या. नानांना दिलेला शब्द राहिला, ते ह्यांच्या मनाला लागलंय.' आईने ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सूनबाई चॉकलेटं बांधते, हे गल्लीभर सांगितलं. नानांनाही बोलावून सांगितलं. त्यावर नानांनी एकच विचारलं, पोर दिवसभर उभी असते तर तिच्या पायात बूट बरे आहेत ना?

"अरे, मग प्रत्येक पत्रात 'क्वालिटी कंट्रोल कसं चाललंय' असं का विचारायचात?"

"तुला बरं वाटायचं ना, दादा," दिनू म्हणाला.

सुमन, काय बायको होतीस गं तू! मला वाटत होतं मी जगापुढे तुझी इभ्रत सांभाळतोय. आणि तू माझी सांभाळत होतीस, दोन खंडांत माणसं लावून. सासू, दीर, वडील, पोटची पोर, सगळ्यांना मिठाची गुळणी धरायला लावलीस. रागावू का तुझ्यावर? थोडा रागावलोच आहे. एकदा तरी मला म्हणायचंस, "अहो, पुरे झालं आता, सगळ्यांना ठाऊक आहे." मी तोंडघशी पडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि तिसऱ्या दिवशी तुला विचारलं असतं की काय दुखतंय. ती संधी तू मला दिली नाहीस, आणि मीही ती मागितली नाही.

काल रोझाकडे गेलो होतो. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच तिने खुर्ची पुढे केली. 'असिस्टंट' शब्दाची माफी मागितली तर म्हणाली, सुमन तुझ्याबद्दल सगळं सांगायची, मला त्याचं नवल वाटलं नाही. मग मी विचारलं, तिचं काय दुखायचं? रोझाने क्षणाचाही विचार केला नाही. स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, मानेला लागून, थोडं मागे. "इथे. जेवणाच्या सुट्टीत मी तिचा दाबून द्यायची, ती माझा."

मी ती जागा नीट बघून घेतली.

मंडळाला चार ओळी पाठवणार नाही, सुमन. सेक्रेटरीबाईंना तसं कळवलं आहे. रविवारी मीच उभा राहणार आहे आणि सांगणार आहे, की माझी बायको पॅकिंग लाइनवर होती, ते काम तिला आवडायचं आणि मला त्याची लाज वाटायची. रोझाला आणायला मी स्वतः जाणार आहे. मृणाल म्हणते, "बाबा, मंडळातपण सगळ्यांना माहीत आहे हो, तुम्ही का त्रास करून घेता?" असेल माहीत. जगात सगळ्यांना माहीत आहे. फक्त माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. तूसुद्धा.

तुझा,
वसंत