समोशावरची सही

मंगळ., ७ जाने.
पावणेसहा. नळाला अजून नुसती हवा. दोन ड्रम, चार कळश्या रांगेत लावून खाली जिन्यात बसून लिहितेय. गेलं वर्षभर हाच माझा लिहिण्याचा टाइम. एवढा निवांतपणा दिवसभरात परत नाही. सासूबाई वरून दर दोन मिनिटांनी विचारतात, "इला काय गो?" नाही इला.
शनिवारी युनियनची वार्षिक सभा झाली म्हणे. 'म्हणे', कारण मी गेले नाही. सभा सव्वातीनला आणि कंपनीची जोगेश्वरी बस तीन-वीसला. कोण थांबणार? मग दरवर्षीप्रमाणे काल खजिनदार गावकर हजेरीची वही घेऊन पॅकिंगमध्ये आले. सही करा, समोसा घ्या. केली. समोसा गारढोण. आत नुसता बटाटा, वाटाणा औषधालाही नाही, तेही औषधांच्या कंपनीत. वनिता म्हणाली, "ह्या युनियनला समोसा पण धड जमत नाही यार."
वनिता माझ्याच टेबलावर, समोर. अठरा वर्षं दोघी गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरतोय आणि युनियनला शिव्या घालतोय. दोन्ही कामांत हात चांगला बसलाय.
पाणी आलं.

शुक्र., १० जाने.
वाट लागली. फलकावर नोटीस. १ फेब्रु.पासून पहिली पाळी सात ते तीनच्या ऐवजी सहा ते दोन. खाली बारीक अक्षरात: युनियनच्या सर्वसाधारण सभेची संमती घेतली आहे.
कुणाची संमती? कधी?
सहाची पाळी म्हणजे बस साडेपाचला. नळ येतो पावणेसहाला, जातो सव्वासहाला. ह्यांची ड्युटी पहाटेची, साडेचारलाच बाहेर पडतात. राहिल्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. गेल्या गणपतीत मी तापाने पडले होते, तर कुणाला न सांगता कळशी घेऊन जिना चढल्या आणि तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडलं. अजून भाकरी थापता येत नाही. परत हे होऊ द्यायचं नाही. नाही म्हणजे नाही.
पॅकिंगमध्ये सगळ्याजणी दिवसभर अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत होत्या. "भाऊ मॅनेजमेंटला विकले गेले." "भाऊंना काय, त्यांच्या बिल्डिंगला टाकी आहे." बोटं मोडून झाली, तीन-वीस झाले, सगळ्याजणी बसमध्ये. मीही.

शनि., ११ जाने.
राहवेना. जेवणाच्या सुट्टीत गेले भाऊंकडे. बारा वर्षं अध्यक्ष, बिनविरोध. युनियनचं ऑफिस म्हणजे एक कपाट आणि त्याच्यापुढची खुर्ची. त्यांनी कपाटातून वही काढली. ठराव तिसरा: पाळी सहाची, एकमताने मंजूर. खाली सह्या. एकेचाळिसावी माझी. त्यावर तेलाचा डाग.
"सही तुझीच ना, सुषमा?"
"समोशाची आहे ती, भाऊ."
"वहीत तसं लिहिलेलं नाही."
भांडायच्या तयारीनं गेले होते, पण ते आवाजच चढवेनात. उलट मागची पानं दाखवत बसले. खरोखर हजर किती, ते कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं. नऊ. सात. अकरा. एका वर्षी दोन. "मी आणि गावकर. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब. तो अर्धा तास आम्ही कॅरम खेळलो. मग परत सभा सुरू केली, सगळे ठराव मंजूर." मग म्हणाले, "मला वाटलं, तासभर लवकर सुटायला बायकांना आवडेल. विचारणार कुणाला होतो? खुर्च्यांना?"
राग आला आणि हसूही. मला विचारायला काय झालं होतं, हे म्हणणारच होते. पण मी तेव्हा बसमध्ये खिडकी पकडून बसले होते.
घरी सांगितलं तर हे लोळून लोळून हसले. "एका समोशात पाळी विकलीस?" सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माका काय त्रास नाय. मी भरतंय पाणी." माझं हसू तिथंच संपलं.

सोम., १३ जाने.
युनियनच्या नियमांची पुस्तिका मिळाली (गावकरांच्या ड्रॉवरमध्ये, नवीकोरी, पानंसुद्धा चिकटलेली). चौथा हिस्सा सभासदांनी सह्या करून मागितली तर खास सभा घ्यावीच लागते. म्हणजे पस्तीस सह्या. अर्ज लिहिला. पहिली सही घ्यायला अर्थात वनिताकडे.
"मी नाही करणार."
"का गं?"
"मला सहाच बरं पडतंय. आमच्याकडे वाकोल्याला पाणी दुपारी पावणेतीनला येतं. दोनला सुटले तर गाठीन. आत्ता रोज शेजारणीच्या पाया पडते, दोन हंडे भर म्हणून."
अठरा वर्षं समोरासमोर. तिच्या मुलांचे मार्क, नवऱ्याची शुगर, नणंदेचा फ्लॅट, सगळं पाठ. पाण्याची वेळ तेवढी कधी विचारली नाही. तिनंही माझी विचारली नव्हती म्हणा.
दुपारपर्यंत पाकिटं भरायचा स्पीड दोघींचाही वाढला. चहाला तीच आली. "आण तो कागद. सही देते. पण सभेत मी सहाच्याच बाजूनं बोलणार हां."
"बोल की. मी काय घाबरते?"

बुध., १५ जाने.
संक्रांतीचे लाडू होतेच. कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसले. तिळगूळ घ्या, सही करा. पटापट आल्या सह्या. वनितानं हटकलं, "बाई, तू पण खाऊ देऊनच सही घेतेयस की!"
जीभ चावली. झालेल्या सह्या खोडल्या. नवीन नियम: आधी अर्ज मोठ्यानं वाचायचा, मग पटलं तर सही. लाडू सही न करणाऱ्यालाही. स्टोअरच्या तांब्यांनी दोन ओळी वाचल्या आणि हात पुढे केला. "पूर्ण वाचा तांबे." वाचला बिचाऱ्यांनी. वाचल्यावर म्हणाले, "हे असं आहे होय!"
त्रेपन्न सह्या. भाऊंनी त्या दोनदा मोजल्या. सभा मंगळवारी.

मंगळ., २१ जाने. (संध्या.)
आज संध्याकाळीच लिहितेय, सकाळपर्यंत पोटात राहणार नाही.
सव्वातीन, कॅन्टीन. बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला. शेवटी कुणीच येईना म्हणून तोच आत येऊन बसला. भाऊ आले, चष्मा लावला, आणि कागदातून मान वर न करता सवयीनं वाचायला लागले: "कोरम नसल्यामुळे सभा अर्ध्या तासासाठी..." गावकरांनी कोपर मारलं. भाऊंनी वर पाहिलं. सगळी बाकं भरलेली, भिंतीला टेकून माणसं, सिंकवर दोघी चढून बसलेल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "बसा, बसा." बसायला जागा कुठे होती!
मग जो काही गोंधळ! जोगेश्वरीला पहाटे, वाकोल्याला दुपारी, घाटकोपरच्या डोंगरावर रात्री कधीतरी. पार्ल्याच्या एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे टाकी आहे." सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्या पुढे बोलल्याच नाहीत. मी सातसाठी बोलले. सासूबाईंचं मनगटही सांगितलं. वनिता सहासाठी बोलली. कडाकडा भांडलो. टाळ्या दोघींना. शेवटी तीच म्हणाली, "जिला सहा हवं तिला सहा द्या, जिला सात तिला सात. मशीनला कुठे पाणी भरायचंय?"
ठराव तोच, दोन्ही वेळा ठेवायचा. हात वर. मोजताना गावकर दोनदा चुकले, त्यांना एवढे हात मोजायची सवय नाही.
मग भाऊ म्हणाले, "मॅनेजमेंटकडे माझ्याबरोबर कोण येणार?"
जो तो आपली नखं बघायला लागला. कुणाला तरी बस आठवली. भाऊ माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. त्या हसण्याचाच राग आला आणि हात वर केला. वनितानंही केला.

शुक्र., २४ जाने. (संध्या.)
मॅनेजरसाहेबांची केबिन. एसी इतका की वनितानं ओढणी कानाला गुंडाळली. भाऊ बोलले, मग ती, मग मी. साहेबांनी सगळं ऐकलं. दोन वेळा ठेवणं अवघड आहे, बघतो, बुधवारी सांगतो म्हणाले. आम्ही उठलो तर एकदम मला:
"आणि मी नाही म्हटलं तर? काम बंद कराल? सगळे आहेत तुमच्यामागे?"
"आहेत," मी म्हटलं. ताडकन. "सगळे."
साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.
बाहेर आल्यावर वनिता, "झकास बोललीस गं!" मी तरंगतच बसमध्ये. शेजारी तांबे. त्यांना म्हटलं, वेळ आली तर काम बंद करायचं हां. ते म्हणाले, "बघू." मागच्या सीटवर विचारलं. "बघू गं." सहा जणांना विचारलं. पाच 'बघू' आणि एक झोपलेली.
एकशे चाळीस माणसांच्या वतीनं हो म्हणून आले मी. एकालाही न विचारता.

शनि., २५ जाने.
भाऊंना सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. ते पोट धरून हसले. "पहिल्याच दिवशी? मला निदान दोन वर्षं लागली होती." मग स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि कोरा कागद दिला.
सभेची सूचना लिहिली. मंगळवार, सव्वातीन, विषय एकच: साहेब नाही म्हणाले तर आपण काय करायचं. फलकावर मीच लावली. तांब्यांनी उभं राहून पूर्ण वाचली. वनिता म्हणते, येतील. मला खात्री नाही.
साहेबांचं उत्तर बुधवारी. आमचं काय आहे, ते मला त्याच्या आधी कळायला हवं.