माझ्या वतीने

३ मार्च, मंगळवार
आले एकदाची! दुसरा मजला, रस्त्याकडची खिडकी, हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. जिभेचा कॅन्सर काढला, सोबत मानेतल्या गाठीही. हनुवटीखालपासून कानापर्यंत टाके आहेत आणि महिनाभर बोलायचं नाही. तीस वर्षं वर्गात 'गप्प बसा' म्हणून ओरडले, पोरांची हाय लागली असणार, असं पाटीवर लिहून दाखवलं तर दादा हसता हसता रडला. त्याला कामावर परतायचं होतं, म्हणून ही सोय केली. घरमालकीण निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. ऑपरेशन झालेल्या बायकांना ठेवून घेतात. पट्टी इतकी हळुवार बदलली, की मला पत्ताच नाही.

५ मार्च
हॉस्पिटलचा कागद आज नीट वाचला. लाली, सूज, ताप, पू, टाका उसवणं, यातलं काहीही दिसलं तर जखमेच्या नर्सला लगेच फोन करा. जीभ कापलेल्या बाईने फोन करायचा! त्या नंबरवर मेसेजही जात नाही. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या वतीने मी बोलेन की. बाकी सगळं उत्तम. फक्त पट्टी दिवसातून एकदा बदला असं कागदावर आहे, आणि सिस्टर तीनदा उघडून बघतात. असो, अनुभवी बाई आहेत.

८ मार्च
कानाखाली लाल झालंय, हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. सिस्टरांना दाखवलं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं, जखम अगदी कोरडी आहे, सगळं छान चाललंय. मी टेबल बडवलं. त्या फोनवर हसल्या. म्हणाल्या, पेशंट जरा चिडचिड्या आहेत.

९ मार्च
दादाला मेसेज केला. त्याचं उत्तर: सिस्टरांचा फोन येऊन गेला, तापात तू काहीबाही लिहितेस म्हणाल्या. ऐक गं त्यांचं.
पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर.

११ मार्च
पट्टी बदलताना समोरच्या कपाटाच्या काचेत पाहिलं. सिस्टरांच्या हातात बारकी कात्री. नंतर आरशात टाके मोजले. काल एकोणीस होते, आज सोळा. पाटीवर विचारलं. म्हणाल्या, सुटतात आपोआप. मग कापूस ओला करत, जणू स्वतःशीच: "जखम भरली की माणसं वळूनही बघत नाहीत हो."
पट्टीला वास येतोय.

१२ मार्च, सकाळ
ताप. उशी ओली. सिस्टर खाली दुकानात गेल्यात. दार उघडं आहे — निघते —

१२ मार्च, हॉस्पिटल
पोचले. भिंत धरत धरत. जखमेच्या नर्सने पट्टी काढली आणि हसायचीच थांबली. आत पू आहे, आजच साफ करावं लागेल म्हणाली. टाके जवळून बघितले. हे उसवलेले नाहीत, कापलेत, कोणी कापले — मी लिहायला घेतलं, तेवढ्यात ती डॉक्टरांना आणायला पळाली. जाता जाता म्हणाली, घाबरू नका, फाइलवरच्या घरच्या नंबरला फोन केलाय, सोबतीला येताहेत तुमच्या —

घरचा नंबर. म्हणजे सिस्टरांचाच —

नर्स अजून आली नाही. बाकावर मी एकटी. कोणाला दाखवू —

आल्या. शेजारीच बसल्यात. खांद्यावर हात. म्हणताहेत, किती दमलात, द्या बघू ती वही, डॉक्टरांना आता मीच सांग—