खास खोका

१ सप्टेंबर १९५८, सोमवार. फहाहील, कुवेत.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवणार नाही. पण कलावंताच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कोणीच ठेवत नाही आणि मग पुढे सगळ्यांची पंचाईत होते.

तर नोंद : कासम परकार, वय एकोणतीस, गाव दाभोळच्या खाडीवर. अबू यूसुफच्या रेकॉर्डच्या दुकानात इंग्लिश विभाग माझ्याकडे. अरबी अबू यूसुफ स्वतः बघतो. हिंदी आपोआप खपतं. इंग्लिशला मात्र जाणकार लागतो. कुठली रेकॉर्ड कुठल्या खणात, हे मी ठरवतो, नुसत्या कानावर. 'पॉप्युलर' खण दारासमोर, तिथे मान मोठा. पाट्याही मीच रंगवतो. अक्षर फर्स्ट क्लास.

संकल्प : पहाटे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. लोणचं बंद. खोलीतही फक्त इंग्लिश. आणि सहा महिन्यांच्या आत पॉप्युलरच्या खणात माझी स्वतःची रेकॉर्ड.

२ सप्टेंबर

पाण्याचा टँकर आला नाही. गुळण्या राहिल्या. हुसेनशी दिवसभर इंग्लिशमध्ये बोललो. हुसेन म्हणजे माझा गाववाला नि खोलीतला सोबती, साहेब लोकांच्या क्लबात कुक आहे. त्याने कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, बरा हायस ना रं?

लोणचं उद्यापासून.

११ सप्टेंबर, गुरुवार

लंडनच्या पेटीत एक नवीन गाणं आलं. 'माझ्या घराची चावी परत दे' अशा अर्थाचं. साधं तपकिरी कव्हर, मधे भोक, बस्स. सुई टेकवली आणि मान आपोआप हलायला लागली. तडक पॉप्युलरमध्ये, सगळ्यात पुढे. संध्याकाळपर्यंत अकरा गेल्या. त्यातल्या तीन मिसेस हॅलमनी घेतल्या. या बाई क्लबात दर गुरुवारी रेकॉर्ड वाजवतात आणि मेंबर लोक चिठ्ठ्या टाकून गाण्यांना नंबर देतात. बाई म्हणाल्या, मिस्टर कासम, तुमच्या कानाला तोड नाही. मीही नाही म्हटलं नाही.

पेट्या फोडायला मुबारक आहे. कुवेतीच, पण काळाभोर. त्याच्या पणजोबाला झांझिबारहून गुलाम म्हणून आणलं होतं. हा तरुणपणी मोती काढणाऱ्या बोटींवर गायचा. एक शब्द कळत नसताना दिवसभर चावीचं गाणं गुणगुणत होता. त्याला समजावलं की बाबा, हे पॉप्युलर आहे, तुमच्या ढोलकीचं काम नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चावीचं गाणं क्लबात दोन आठवडे पहिलं. आणि आज त्याचाच नवीन माल आला, फोटोच्या कव्हरात. गाणारा निग्रो निघाला. शिकागोचा. चांगला हसरा आहे, टायबिय लावलेला, पण निग्रो.

मिसेस हॅलम आल्या. फोटो पाहिला. रंगाचा शब्दही काढला नाही, फार सुसंस्कृत बाई. एवढंच म्हणाल्या की अच्छा, हे 'रिदम' आहे होय, आम्ही पॉप्युलर समजत होतो. नॉट क्वाइट आवर स्टाइल. तिन्ही रेकॉर्डी परत दिल्या. मी लगेच म्हटलं, मला पहिल्यापासून शंका होतीच.

मग नवीन विभाग काढला. खणात जागा नव्हती म्हणून चहाचा रिकामा खोका काउंटरच्या खाली ठेवला आणि त्याला पाटी लावली. RITHM. स्पेलिंगमध्ये आणखी एक एच कुठेतरी असावा. खाली कोण बघतंय.

मुबारकने कव्हर हातात घेतलं. म्हणाला, हा माझ्या मामासारखा दिसतो. मग विचारतो, काल दारासमोर होता, आज खाली का? त्याला संगीताचे प्रकार समजावणं म्हणजे कठीणच. म्हटलं, हा खोका खास आहे. हा शब्द अरबीतही तोच, त्यामुळे चटकन समजला. खूश होऊन त्याने फडकं आणलं आणि खोका पुसून काढला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तेच चावीचं गाणं आता एका गोऱ्या पोराने म्हटलंय. कव्हरावर सोनेरी केस, गालावर खळी. पॉप्युलरमध्ये, शिवाय खिडकीतही. काय आवाज! स्वच्छ. शिकागोवाल्यात ही स्वच्छता नव्हती, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

मुबारकने उगाच परीक्षा घेतली. म्हणाला, पाठ फिरव, मी दोन्ही लावतो, स्वच्छ कुठला सांग. मी लगेच सांगितलं, पहिला. पहिला शिकागोवाला निघाला. मुबारकने रेकॉर्ड उचलून परत खोक्यात ठेवली.

सुई बदलायला झाली आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान बंद. दुकानात आवाज कापायचं मशीन आहे. लोक त्यावर बायकापोरांना सलाम बोलून रेकॉर्ड गावी पाठवतात. आज त्यावर मी गायलो. गाणं माझंच. चांदणं, होडी, ती. यमक 'मून' आणि 'सून'. हुसेनला ऐकवलं तर विचारतो, कोणाची सून? याच्याशी कलेबद्दल बोलायचं नाही, हा नवा संकल्प.

मुबारकने पेटीवर ठेका धरला. बरा धरला. लेबलवर त्याचं नाव घालायला जागा नव्हती.

माझ्या नावाचा विचार मात्र पुष्कळ केला. PARKAR. शेवटचा ए काढून ई घातला की PARKER. एका अक्षराचा तर फरक. म्हणजे आम्ही मुळात पार्करच असणार, दाभोळच्या तलाठ्याने घोळ घातला. कासमचं कॅस. कॅस पार्कर!

बारा कॉपी कापल्या. साधी तपकिरी कव्हरं. फोटो मुद्दामच नाही. कलेला चेहरा कशाला लागतो?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

रेकॉर्ड पॉप्युलरमध्ये. मिसेस हॅलमनी ऐकली आणि डोळे मिटून घेतले. कोण हा पार्कर? अमेरिकन का? मी म्हटलं, समुद्रापलीकडचा आहे. यात खोटं काही नाही, दाभोळ समुद्रापलीकडेच आहे. तीन घेतल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला नंबर!! क्लबात कॅस पार्कर पहिला, खळीवाला दुसरा. हुसेनने किचनच्या दारातून स्वतः पाहिलं. साहेब मडमांना धरून नाचत होते. एक बाई म्हणे बोलली की या माणसाचे डोळे निळे असणार, आवाजावरून कळतं.

आरशात पाहिलं. उन्हाने रापलोय थोडा. मूळ रंग उजळ आहे.

२० नोव्हेंबर

सईदाचं पत्र. बायकोला मी अभिमानाने कळवलं होतं की इकडे मला मिस्टर पार्कर म्हणतात. पत्र तिने मेव्हण्याकडून लिहून घेतलंय, म्हणजे अकबरकडून, त्यामुळे त्याची अक्कलही त्यात आहे. गावात बोभाटा झालाय की कासम क्रिस्ताव झाला. माझी फखरुन्निसा खाला घरी येऊन रडून गेली. सईदा विचारते, तुम्ही खरंच नाव बदललंत का, आणि बदललं असेल तर मी आता कोणाची बायको?

बायकांना करिअर समजत नाही. उत्तर सवडीने लिहीन.

११ डिसेंबर, गुरुवार

मिसेस हॅलम म्हणाल्या, ३१ डिसेंबरला न्यू इयरच्या पार्टीत मिस्टर पार्करना बोलवायचंय, तुमची ओळख आहे ना? मी म्हटलं, अगदी जवळची. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली. संध्याकाळी सहा वाजता कॅस पार्कर, पॉप्युलर साँग्ज. आवडला तर दर गुरुवारी क्लबात गाणं कायम. मग हे दुकान कोणाला हवंय? गोऱ्यांच्या क्लबात, गोऱ्यांसमोर, माझ्या नावावर. आयुष्यात दुसरं काही नको.

पांढरा सूट शिवायला टाकला. आजपासून उन्हात छत्री. फहाहीलमध्ये छत्रीवाला पुरुष मी एकटाच. हसोत.

२३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी तालमीला क्लबात गेलो. सूट, थोडी पावडर. मिसेस हॅलम दारातच उभ्या होत्या, हातात फुलं. मला बघून म्हणाल्या, कासम, माल मागच्या दाराने. मी म्हटलं, मॅडम, मीच पार्कर. त्यांनी माझ्या मागे वाकून पाहिलं, आणखी कोणी येतंय का ते.

मग पुष्कळ हसल्या. वाईट नाहीत हो. खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं. फुलं टेबलावर ठेवली. म्हणाल्या, रेकॉर्ड पॉप्युलर आहे, तर ती पॉप्युलरच राहू द्या. मी सांगते की मिस्टर पार्कर परदेशात आहेत. तुम्ही कोणालाही बोलू नका, तुमच्याच भल्यासाठी. आणि तुम्ही जरूर गा, पण तुमच्या पोशाखात, तुमच्या भाषेत. पत्रिका बदलून घेतली : 'कासम ऑफ दि ईस्ट, इंडियन आयटम'. फेटा क्लब देणार.

म्हणजे पब्लिसिटीचा डाव आहे. रहस्य ठेवलं की मागणी वाढते. एका संध्याकाळी दोन कलावंत, दोन्ही मीच!

हुसेनला हे सांगितलं. तो कांदा कापत होता. म्हणाला, त्वांड लपवायचा नि गला तेवढा द्यायचा? मंग तुजा काय राहिला?

त्याला पब्लिसिटी कळत नाही.

१ जानेवारी १९५९, गुरुवार

नीट लिहायचं ठरवलंय.

फेटा पडद्याच्या कापडाचा होता. आमच्या सात पिढ्यांत कोणी फेटा बांधलेला नाही. मी आमच्याकडचं मेंदीचं गाणं म्हटलं, अमिरुन्निसा मावशी लग्नात म्हणायची ते. तिला फार सुंदर यायचं. लोकांनी ठेका भलतीकडेच धरला. पहिल्या रांगेतल्या एका साहेबाने विचारलं, साप कुठाय? सगळे हसले. मीही हसलो. का हसलो कोण जाणे.

खाली उतरलो तर कोणीतरी माझ्या हातात बर्फाचा ट्रे दिला. तो घेऊन किचनच्या दाराशी उभा राहिलो. तेवढ्यात रेकॉर्ड लागली. माझी. मून, सून. अख्खा हॉल उठला. तीस जोड्या असतील. गालाला गाल लावून नाचत होते, डोळे मिटून, माझ्या आवाजावर. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं आणि हातात बर्फ वितळत होता.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण ट्रे खाली ठेवला आणि शेजारच्या साहेबाला म्हटलं, सर, दॅट इज मी. तो मोठ्याने हसला. मी त्याच्या तोंडासमोर तीच ओळ म्हटली, रेकॉर्डीबरोबर, सुरात सूर. त्याचं हसू थांबलं. त्याने बायकोला सांगितलं, तिने शेजारणीला. गाणं संपायच्या आत निम्मे लोक जागेवर जाऊन बसले.

लोक थक्क झाले, एवढं निश्चित. मिसेस हॅलमनी माझ्याकडे पाहिलं नाही. गर्दी होती.

५ जानेवारी, सोमवार

क्लबाचा ड्रायव्हर आला. तिन्ही रेकॉर्डी परत, सोबत चिठ्ठी. अक्षर बाईंचं. नॉट क्वाइट आवर स्टाइल. पुढे लिहिलंय, 'इंडियन' विभागात जास्त शोभतील.

या गुरुवारी खळीवाला पहिला येणार.

गाणं तेच आहे. मी दुपारी दोनदा लावून पाहिलं. एक अक्षर बदललेलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

पॉप्युलरमधल्या माझ्या रेकॉर्डींना आठवडाभर कोणी हात लावला नाही. एका मडमेने काढली, दुसरीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, परत ठेवली.

अबू यूसुफ म्हणाला, दारासमोरची जागा अडवू नकोस. मी म्हटलं, हिंदीत ठेवू का? तो म्हणाला, वेडा आहेस का, हिंदीवाला गिऱ्हाईक इंग्लिश गाणं कशाला घेईल? अरबीत तर प्रश्नच नाही. मी विचारलं, मग कुठे? त्याने खांदे उडवले आणि नमाजाला गेला.

खणातल्या माझ्या सगळ्या रेकॉर्डी उचलल्या. मग काउंटरच्या खाली वाकलो. पाटी माझ्याच अक्षरातली. गेल्या सप्टेंबरात रंगवताना मी शीळ घालत होतो.

मुबारक पेटी फोडायचं सोडून बघत होता. म्हणाला, दारासमोर होत्या ना? आता खाली? मी पाटी सरळ केली. तोच म्हणाला, खास?

मी म्हटलं, हो. खास.

त्याने फडकं आणलं. खोका पुसला, शिकागोवाल्याला जरा सरकवलं आणि माझ्यासाठी जागा केली. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.