दोन कॉर्ड आणि माझी तिहाई

प्रिय दादा,

उद्या तुला जाऊन वर्ष होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वहिनीने मला तुझं मॅन्डोलिन वाजवायला सांगितलंय, आणि मला ते अजून जमत नाही. हे दुसऱ्या कोणाला सांगू? म्हणून तुलाच लिहितोय.

दिवसभर मंडीत लहान-मोठी संत्री छाटून वेगळी करताना पाठ मोडते. घरी आलो की तुझं मॅन्डोलिन मांडीवर घेतो. ढोलक बडवून माझे तळवे निबर झालेत, पण त्या जोडतारा बोटांच्या टोकांना कापतात. कसं सोसलंस रे इतकी वर्षं?

तुला जॅझचं खूळ लागलं तेव्हा मी किती हसलो होतो! आपली भीमगीतांची गायन पार्टी, आणि तू मोबाईलवर पाहून जॅझ शिकतोयस. “काही अवघड नाही बे,” तू म्हणालास. “गायक दोन कडव्यांच्या मधात गोष्ट सांगते, तवा आपण वाजवत राहतो ना? तसंच हाय. दोनच कॉर्ड. ते तू धर, थांबू नको, मी वरून वाजवतो.”

“उद्या पाहू दादा, आज थकून गेलो,” मी म्हणालो. असे किती उद्या गेले!

शेवटी वरची धून तू एकट्यानेच भरून मला पाठवलीस. मी न ऐकताच अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं. तू गेल्यावर तिसऱ्या महिन्यात ऐकली. तीन मिनिटं. खाली काहीच नाही. माझी जागा मोकळी ठेवून वाजवलंयस तू. मी खूप रडलो, दादा.

आता तीच धून लावतो आणि खाली ते दोन कॉर्ड, डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन, धरतो. चार फेऱ्या बऱ्या जातात. मग माझ्यातला ढोलकवाला जागा होतो. हात आपोआप लय चढवतो, आणि एकच तुकडा तीनदा वाजवून, तिहाई घेऊन, गाणं संपवून मोकळा! तू तिकडे वाजवतच असतोस. काल वहिनी आतून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही वाजवून नाही राहिले, तिगावची शेवटची गाडी पकडून राहिले.” वर्षात पहिल्यांदा हसली ती.

एक राग मात्र आहे. मला “थांबू नको” म्हणणारा तूच मधात उठून गेलास! छातीत दुखत होतं, तर बोलला का नाहीस? की सांगितलं असतंस, तरी मी “उद्या पाहू”च म्हणालो असतो?

उद्या ढोलकाला हात लावणार नाही. लय चढवणार नाही, तिहाई घेणार नाही, हा शब्द देतो. तुझी तीन मिनिटं संपली तरी मी ते दोन कॉर्ड धरून बसेन. लोक म्हणतील, याला संपवता येत नाही. म्हणू दे.

तुझा घाईवाला भाऊ,
मिलिंद