तिच्यानं होत नव्हतं

माय, तुझ्या धाकटीनं आज भरलं ताट भिंतीवर फेकलं. मी एवढंच म्हणालो होतो, "हात धू, जेवायला बस." वरण पुसलं, भांडी उचलली आणि ओट्यावर येऊन बसलो. आता रागही येत नाही, नुसता थकवा येतो. पन्नाशीला आली ती. तू गेल्यापासून माझ्याकडेच आहे, नांदेडला.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढचा कोरडा उन्हाळा तुला आठवत असेल. गावोगावच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून मी 'जि. लातूर' लिहीत हिंडायचो. कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकलो, आणि अक्षराची उंची सुताभर कमी-जास्त झालेली मला खपत नसे. घरातही तेच. विहिरी आटलेल्या, तिसऱ्या दिवशी टँकर. मी आठ वर्षांच्या धाकटीला सांगतो, "घागर धर. रांगेत उभी राहा." ती म्हणते, "मी मांजर हाय. मांजराला हात नसतात." मी पुन्हा सांगतो. ती खाली बसते, किंचाळते आणि शेजारणीची भरलेली घागर लाथेनं उलटी करते. साऱ्या गल्लीसमोर मी तिच्या कानाखाली मारतो. मागून कुणीतरी म्हणतं, "बरं केलं पेंटर, लई माजली होती." तू धावत येऊन माझा हात धरलास. "हाणू नको रे. तिच्यानं होत न्हाई." मी म्हणालो, "करायचंच न्हाई तिला. तूच लाडावून ठेवलीस." 

डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितलं, तेव्हा ती चाळिशीच्या पुढे होती. मग मी डिक्शनरी घेऊन मिळेल ते वाचलं, वहीत उतरवलं. काहींना कुणी काही करायला सांगितलं, गोडीनं का होईना, की अंगात भीती भरते; भूक लागलेली असली तरी 'जेव' म्हटलं की घास अडतो. बहाणे, थट्टा, शेवटी आदळआपट, सगळं त्या भीतीतून सुटण्यासाठी. एवढं कळून मी काय करावं? तिच्या दिवसाचं वेळापत्रक सुबक अक्षरात रंगवून भिंतीला लावलं. तिनं उलथन्यानं खरवडून काढलं. मला वाईट वाटलं ते अक्षरांचं.

तू तिला 'कर' म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. ज्वारी निवडता निवडता तू स्वतःशीच पुटपुटायचीस, "मला बाई खडा दिसंना झालाय." ती यायची, "सरक म्हातारे, तुला काय बी येत न्हाई," आणि सूपभर निवडून द्यायची. एखाद्या दिवशी यायची नाही, मग तूही काही बोलायची नाहीस. मला वाटायचं, तू तिला भितेस.

त्या थपडेची माफी मी अजून मागितलेली नाही. मनाशी म्हणतो, मागितली तर तिला उत्तर द्यावं लागेल, तेवढंही तिला जड जाईल. वाचलेल्यात ते बसतं. पण खरं कारण निराळं आहे. तिच्या सगळं लक्षात राहतं. "व्हय, मारलं होतंस," असं ती म्हणेल, याची मला भीती वाटते.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे लिहिलेलं मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, माय, आणि माझ्या भीतीची ती ओळ मी गाळली असती.