तिला दुसऱ्या भागात घरी बसवलं

ओतूर

प्रिय वैजू,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. चार महिने झाले. म्हणून शेवटी वहीतली पानं फाडून लिहायला बसले. आपली मैत्री अशी मुकाट्यानं संपलेली मला चालणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आता वाच.

आपल्या पिक्चरचा दुसरा भाग आला गं! वीस वर्षांनी. लोणीच्या जत्रेत तंबूत पहिला बघितला तेव्हा आपण नववीत होतो. बायांच्यात बसून शिट्टी मारलीस म्हणून बयाबाई मावशीनं तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. हिरो गोळी लागून पडलेला आणि ती जीपवाली वेणी दातात धरून घाटातनं गाडी पळवते, खाली उतरून जॅकच्या दांड्यानं चौघांना लोळवते. पुढं महिनाभर शाळेतनं येताना बांधावर आपली तीच मारामारी. जीपवाली कायम तू. मी आपली पडलेला हिरो.

दुसरा भाग जोडीनं बघायचा असं ठरलं होतं. मी आमच्या ह्यांना घेऊन नारायणगावला बघून आले. चिडू नकोस, तुझं काही हुकलं नाही. हिरोचं पोट सुटलंय, केस मात्र काळेकुळकुळीत. गाड्या उगाच हवेत उडतात. ऐन मारामारीत माझ्या मागची बाई फोनवर गवारीचा भाव विचारत होती, आणि तेच जास्त ऐकावंसं वाटत होतं.

ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण तिचं काय केलं माहितीये? पहिल्या दहा मिनिटांत तिचा नवरा मारला, पांढरी साडी नेसवली आणि देवघरापाशी बसवून टाकली. जीप अंगणात ताडपत्रीखाली. पोराला गुंड उचलून नेतात, तरी ही बया उंबऱ्यात उभी राहून रडते आणि हिरोला हात जोडते. मी थेटरात ओरडलेच, अगं चावी खिळ्याला आहे, घे की! सगळे वळून बघायला लागले. ह्यांनी तोंडावर रुमाल धरला.

आणि ओरडता ओरडता तू डोळ्यांपुढं आलीस. दाजी वारल्यावर दुसऱ्याच महिन्यात तू पिकअप हातात घेतलीस. शिनोलीहून मंचरला एकटी भाजी घेऊन जातेस. डिसेंबरात माझ्या नणंदेच्या, समृद्धीच्या हळदीला झेंडूची पोती तूच आणलीस, तोरणं बांधलीस. आणि हळद फोडायला पाच सवाष्णी बोलवायची वेळ आली तेव्हा मी काय म्हणाले? वैजू, जरा चहाचं बघतेस का. मुसळापाशी चौघी उभ्या होत्या. पाचवी मी शेजारनं बोलावून आणली. तू साठ माणसांचा चहा केलास, गाळणी धुऊन पालथी घातलीस आणि न जेवता निघून गेलीस.

नंतर मी तुला मेसेज केला की सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांच्यापुढं माझं काही चालत नाही. वैजू, ते खोटं होतं. त्या एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. लोक काय म्हणतील ते मीच मनात बोलून घेतलं आणि तुला तिथनं उठवलं. मला त्याची लाज वाटते गं, लई वाटते. माफ कर म्हणायलासुद्धा तोंड नाही, तरी म्हणते.

पिक्चरहून आल्यावर सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, म्या कवा म्हनलं व्हतं तसं? माझं नाव कशापायी पुढं केलंस? मी मान खाली घालून बसले. त्या परत लसूण सोलायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, पोटच्या पोरीच्या हळदीला मी तरी कुटं व्हते गं भाईर?

वैजू, मला तोवर कळलंच नव्हतं. मामंजी जाऊन सहा वर्षं झाली. समृद्धीच्या हळदीच्या दिवशी त्या मागच्या खोलीत एकट्या बसून होत्या, आणि घरात कुणाला ते वेगळं वाटलं नाही. त्यांना चहासुद्धा तूच नेऊन दिला होतास. धाकट्या दिराचं, भरतचं लग्न आहे. शुक्रवारी सकाळी हळद फोडायची. तिघींना सांगितलंय. चौथी तू, पाचव्या सासूबाई. त्यांना अजून बोलले नाही, कारण त्या नको म्हणतील आणि मी एकटी पडेन. माझा भरवसा नाही, मी पुन्हा घाबरेन. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्यांचा एक हात तू धर, एक मी धरते.

वाट बघणारी, तुझीच
प्रतिभा