बघून झालं की

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय छोटे,

खूप खूप आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आम्ही दोघी ठीक आहोत. भिंगरी नीट जेवते, अंघोळीला नाटकं करते, रात्री माझ्या अंगावर पाय टाकून झोपते. तिला मी माझ्याबरोबर बालवाडीत नेते. तुझी लेक वर्गातही मला 'मावशी'च म्हणते, त्यामुळे आता सगळा वर्ग मावशी म्हणायला लागलाय. बाई म्हणून माझा जो काही दरारा होता, त्याचा पार बोऱ्या वाजला.

गेल्या आठवड्यात गोगलगायी पाहिल्या. मागच्या अंगणात कुंड्यांखाली सापडतात. प्रत्येकाच्या बरणीत एक गोगलगाय, ओली माती, कोबीचं पान आणि वर भोकं पाडलेला कागद. मुलांनी भिंगातून तिची शिंगं पाहिली, काळ्या कागदावर तिला चालवून मागची चकाकणारी रेघ पाहिली. एक पठ्ठ्या ती रेघ चाटायच्या बेतात होता, वेळेवर पकडला. आमचा नियम एकच. बघून झालं, की जिला जिथून उचललं तिथेच नेऊन ठेवायचं. सुट्टीच्या आधी सगळे कुंड्यांपाशी जातात आणि "जा गं घरी" म्हणून तिला सोडतात.

भिंगरीची बरणी तेवढी खिडकीत राहिली, उन्हात. त्याच दुपारी जावईबापूंचा दवाखान्यातून फोन आला होता, बाळ गेल्याचा. माझं कशातच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय हलेना. छोटे, एरवी वर्गात मेलेलं फुलपाखरू आलं, तर मी सरळ सांगते, हे मेलं, आता उठणार नाही. चार वर्षांच्या मुलांना ते कळतं, त्यांच्या आईबापांनाच घाम फुटतो. आणि भिंगरीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "झोपलीय गं."

तिने लगेच विचारलं, "बाळ पण दवाखान्यात काचेच्या पेटीत झोपलंय ना?"

मी "हो" म्हणाले.

तू म्हणाली होतीस, "ताई, तिला तू सांग, तुला जमतं." नाही जमलं. तिला इतक्यात आणू नकोस, तिच्याकडे बघवत नाही, असंही म्हणाली होतीस. मी तुला दोष देत नाही गं. कुणाला आणि काय बोलणार?

तेव्हापासून ती रोज पानावर पाणी शिंपडायची, बरणीला कान लावायची, आवाज केला म्हणून इतरांना दम भरायची. काल वास यायला लागला. आज तिने आपणच बरणी उचलली आणि कुंडीखाली रिकामी केली. "बघून झालं," म्हणाली. मग हात धुताना माझ्याकडे न बघता विचारलं, "मावशी, बाळाचं पण बघून झालं?"

"हो राणी. बाळ मेलं. आता उठणार नाही."

ती रडली नाही. मीच रडले. तिने ओल्या हातांनी माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग माझं बघून झालं का? मला पण घरी ठेव ना."

तिला 'थांब' म्हणवत नाही आणि तुझ्या जिवाची अवस्था माहीत असताना 'जा'ही म्हणवत नाही. दुपारपासून ती चपला घालून दारात बसली आहे. खायला बोलावलं तर म्हणते, "घरी खाईन."

संध्याकाळी जावईबापू तिचे कपडे द्यायला येतील. ते निघाले की ती त्यांचा हात धरणार. तो सोडवायची ताकद माझ्यात नाही. चुकत असेन तर खुशाल शिव्या दे.

हे पत्र ते तुला आत आणून देतील. ती बाहेर पायरीवर थांबली असेल. आईने हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

हाक मार.

तुझी, हात टेकलेली,
ताई